दाराला हात लावू नका

अप्पर व्हॅली बास्केटबॉल लीगच्या रौप्यमहोत्सवी पुस्तिकेच्या आठव्या पानावर असे म्हटले होते : ‘खेळाडूंच्या संरक्षणासाठी त्या काळी मैदानाभोवती तारेची जाळी उभारण्यात येत असे. पहिल्या हंगामाच्या अखेरच्या सामन्यात कोल्डब्रूक संघाचे लोकप्रिय खेळाडू कॉर्मॅक ड्वायर यांचा तोल जाऊन त्यांना इजा झाली. जाळीचे दार ताबडतोब उघडण्यात आले व शक्य ते सर्व करण्यात आले. परंतु ईश्वरी इच्छेपुढे कोणाचा इलाज चालत नाही.’ मजकूर अजून छापून व्हायचा होता. त्याखाली त्या सामन्यातल्या एखाद्या हयात खेळाडूची सही असावी, म्हणजे मजकुराला वजन येईल, असे समितीचे मत पडले होते. आणि कोल्डब्रूकच्या पाचांपैकी हयात असण्याची पात्रता आता एकट्या ऑगस्ट रेहाककडे उरली होती.

चार वाक्ये. खोटे बोलायला एवढी जागा पुष्कळ होते. समितीला तर त्यातलीही थोडी शिल्लक राहिली होती, ती तिने देवाला दिली. संरक्षण हा शब्द घ्या. जाळी उभारली ती बॉल प्रेक्षकांत जाऊ नये म्हणून. बॉल प्रेक्षकांत गेला की खेळ थांबतो, आणि खेळ थांबला की तिकीट काढून आलेल्या माणसाला आपल्याला घरी काय वाट्याला येणार आहे ते आठवते. संरक्षणाची कल्पना मागाहून सुचली. ती बहुधा मागाहूनच सुचते. तारांची पिळलेली टोके बाहेरच्या अंगाला ठेवली तर पहिल्या रांगेतल्या बायकांचे झगे अडकून फाटत, म्हणून ती आत वळवलेली असत. कोल्डब्रूक हे रेशीमगिरण्यांचे गाव. रेशमाच्या गावात रेशीम फाटू देत नाहीत. कातडीचे तसे नाही. तिला माग लागत नाही आणि ती आपली आपण भरून येते, असा सार्वत्रिक समज आहे. मग ‘तोल जाऊन’. कॉर्मॅक ड्वायर गिरणीच्या कौलांवर पैजेने धावलेला मुलगा होता. त्याचा तोल आयुष्यात एकदाच गेला, आणि तो जावा म्हणून ओल्डफेरी संघाच्या एका धिप्पाड गृहस्थाला अर्धे मैदान धावत यावे लागले. पण अधिकृत गद्यात तोल आपोआप जातो, इजा आपोआप होते, दारे आपोआप उघडतात. करणारा मात्र वाक्याबाहेर, टोपी हातात धरून, सभ्यपणे उभा असतो. ह्या सगळ्याशी ऑगस्टने केव्हाच तह केला होता. चोपन्नाव्या वर्षी माणूस देवाशीही तह करतो. त्याचे भांडण राहिले होते ते एका शब्दाशी : ताबडतोब.

तो कागद घडी करून त्याने गणवेशाच्या आतल्या खिशात ठेवला होता. फिलाडेल्फियातल्या एका मोठ्या कापडाच्या दुकानात तो लिफ्ट चालवत असे. पितळी गुंड्यांचा कोट, पांढरे हातमोजे, आणि समोर घडीचे जाळीदार दार, जे तो दिवसभर ओढून लावी आणि ओढून उघडी. चौथा मजला, बायकांच्या टोप्या. पाचवा, पडदे आणि गालिचे. त्या सकाळी चौथा आणि पाचवा यांच्यामध्ये लिफ्ट अडकली. विशेष काही नाही. एक हिसका, वरच्या दोराची कुरकुर, आणि दाराबाहेर मजल्याच्या जागी विटांची भिंत.

‘‘काय झालं?’’ मागून कोणी विचारले.

‘‘काही नाही बाईसाहेब. होईल सुरू.’’

‘‘मग दार उघडा ना!’’

‘‘उघडलं तर समोर भिंत आहे.’’

‘‘असू दे भिंत! उघडा म्हणते ना मी, उघडा आधी!’’

‘‘भिंत काय भावानं दिलीय आज?’’ एक जाडा गृहस्थ म्हणाला, आणि चारदोन माणसे हसली. हसण्याने हवा आणखी कमी झाल्यासारखी वाटली. ती बाई हसली नाही. तिने ऑगस्टच्या खांद्यावरून हात पुढे घालून जाळी धरली आणि ती खडखडवू लागली. आणि त्या खडखडाटात आपण काय करतो आहोत हे त्याला दुसऱ्याच एका बाईच्या आवाजाने कळले. ‘‘अहो, फेकताय की काय ती?’’ तिने त्याला क्षणभर धरायला दिलेली गोल टोपीपेटी त्याच्या दोन्ही हातांत होती. गुडघे वाकलेले, पेटी गुडघ्यांच्या मध्ये लोंबती, बोटे दोन्ही बाजूंनी पसरलेली, नजर विटांच्या भिंतीवर, साधारण दहा फुटांच्या उंचीवर जिथे काहीही नव्हते. ‘‘दाराला हात लावू नका,’’ तो म्हणाला. आवाज त्याच्याच गळ्यातून आला, पण वय त्याचे नव्हते. पंचवीस-तीस वर्षांच्या माणसाचा, हुकूम करण्याची सवय असलेला आवाज. बाईने हात काढून घेतला. लिफ्ट चालू झाली. पाचव्या मजल्यावर पडदे आणि गालिचे होते तिथेच होते, माणसे उतरली, आणि जाड्या गृहस्थाने जाता जाता त्याच्या खांद्यावर थोपटले, जणू त्यानेच काही पराक्रम केला होता.

पराक्रम. हा शब्द एकेकाळी त्याच्याविषयी वर्तमानपत्रांत येई, आणि तो बरोबर नाही हे तेव्हाही त्याला ठाऊक होते. त्या दिवसांत लीगचा एक नियम होता : कोणाही खेळाडूवर फाउल झाला तरी फ्री थ्रो, म्हणजे रेषेवर उभे राहून टोपल्यात टाकायचा मोकळा बॉल, ज्याला मारले त्याने टाकायचा नसे, प्रत्येक संघात त्यासाठी एक माणूस नेमलेला असे, तोच टाकी. कोल्डब्रूकचा तो माणूस म्हणजे ऑगस्ट. बाकीचे धावत, आपटत, एकमेकांची कोपरे बरगड्यांत घेत. मग शिट्टी वाजे, ते दोन बाजूंना सरत, आणि ऑगस्ट रेषेवर जाऊन उभा राही. त्याचे सारे यश उभे राहण्यातले होते. दुसऱ्याला लागलेल्या माराचे गुण करून देणे हा त्याचा धंदा होता; आणि नीट पाहिले तर जगातले बरेचसे सन्मान्य धंदे याच जातीचे असतात, फक्त त्यांना टोपले लावलेले नसते. ‘‘मार खायचा आम्ही आणि नाव व्हायचं तुझं,’’ मॅक म्हणे. कॉर्मॅकला सगळे मॅकच म्हणत. ‘‘असू दे लेका. पण निदान चुकू तरी नकोस. माझी बरगडी फुकट जाता कामा नये.’’ आणि तो चुकत नसे. सेंट ब्रेंडन चर्चच्या तळघरात, कोळशाच्या ढिगामागे, पिंपाचे कडे भिंतीला ठोकून ते दोघे शिकले होते. ऑगस्टचा बाप युरोपातल्या मोरेव्हियातून आलेला रंगारी. त्याचे हात कोपरापर्यंत निळे, आणि तो निळा रंग शवपेटीतही त्याच्याबरोबर गेला. मॅकचा बाप आयरिश, दारूबाज, गाणारा. बापांना एकमेकांची भाषा कळत नसे, म्हणून त्यांचे छान जमे. मुलांमध्ये बोलण्याचा प्रश्नच नव्हता. मॅक उंच, दर गुणानंतर मधल्या वर्तुळात जी उडी होई ती त्याची. उडी मारून तो बॉल मागे न बघता थोपटी, आणि तो जिथे येईल तिथे ऑगस्ट आधीपासून असे. ह्याला खेळ म्हणावे की दुसरे काही, हे ऑगस्टला कधी ठरवता आले नाही. पुढे सबंध संसारात त्याला कोणी असे न बघता काही दिले नाही.

आठवड्याला एका गावासाठी खेळून पोट भरत नसे. गुरुवारी तो डोंगरापलीकडे मिलर नावाने खेळे, रविवारी आणखी खाली नदीकाठी ओट्टो ब्राउन म्हणून, आणि शनिवारी कोल्डब्रूकमध्ये स्वतः म्हणून. एका हिवाळ्यात तर मिलर आणि रेहाक यांच्यात श्रेष्ठ कोण यावर एका न्हाव्याच्या दुकानात मारामारी झाल्याचे त्याने स्वतः ऐकले. परक्या गावी रेषेवर उभे राहणे ही वेगळी विद्या होती. जाळीतून टोपीच्या पिना टोचत. खाणीच्या गावांत कंदिलावर खिळे तापवून उघड्या पायांवर फेकत. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तो रेषेवर गेला की दार खडखडवत. पिनेची दिशा कळते. खडखडाट मात्र डोक्याच्या आतूनच येतो. एकदा तर हे घरच्या हॉलमध्ये झाले. तो रेषेवर होता आणि मॅनेजर हायरम स्लोकम, ज्याचा तो हॉल आणि तो संघ, आतला एक विझलेला दिवा बघायला दाराची कडी चाचपत होता. ऑगस्ट चुकला. त्याने बॉल जाळीवर आपटला.

‘‘मी रेषेवर असताना दाराला कुणी हात लावायचा नाही!’’ तो ओरडला. ‘‘देव आला तरी बाहेर उभा राहील!’’

स्लोकमने भर हॉलमध्ये हॅट काढून मान लववली. ‘‘जशी आज्ञा, महाराज.’’ लोकांनी हॉल डोक्यावर घेतला. पुढच्या शनिवारी दारावर पाटी होती, लाल अक्षरांत, स्लोकमने हौसेने स्वतः रंगवलेली : रेहाक रेषेवर असताना दाराला हात लावू नका. पाटीचे लोकांना भारी कौतुक. ऑगस्टलाही होते. तरुणपणी माणसाला आपल्या नावाची पाटी कोठे लावली आहे याची फारशी फिकीर नसते.

दाराला कुलूप आले ते नाताळातल्या दंगलीनंतर. लोक आत घुसले होते. तेव्हापासून खेळ सुरू झाला की स्लोकम बाहेरून कुलूप लावी आणि किल्ली जाकिटाच्या खिशात टाकी. खेळाडू त्याला हसत. ‘‘माकडं पळू नयेत म्हणून,’’ मॅक म्हणे, आणि जाळीला लटकून वर गॅलरीत बसलेल्या आपल्या बहिणीला, डिलियाला, दात दाखवी. डिलिया खेळासाठी येत नसे; त्यानंतरच्या नाचासाठी आधीच येऊन बसे. खेळ संपला की जाळी वर ओढली जाई, नाचणाऱ्यांचे पाय सरकावेत म्हणून लाकडी जमिनीवर मक्याचे पीठ भुरभुरले जाई, बँड बसे, आणि ज्या जागी आत्ताच माणसे एकमेकांना आपटत होती तिथे ती एकमेकांच्या कमरेला हात घालून फिरू लागत. स्लोकमला यात काही विसंगत दिसले नाही. त्याच्या तिकिटावर दोन्ही छापलेले असे.

त्या संध्याकाळी गुण बरोबरीत होते. खेळ संपत आलेला. जाळीवरून उसळून आलेल्या बॉलसाठी मॅक उडाला, वर असतानाच ओल्डफेरीचा गडी त्याच्या कमरेत शिरला, आणि मॅक जाळीवर, वाळत घातलेल्या सदऱ्यासारखा, एक क्षणभर तसाच राहिला. मग घसरला. घसरताना तारेचे एक टोक त्याच्या मांडीच्या आत, अगदी वर, शिरून बाहेर आले. शिट्टी. फाउल. तो दाराजवळच बसला, पाठ जाळीला, दोन्ही पंजे मांडीवर दाबलेले, चेहऱ्यावर वेदनेपेक्षा आश्चर्य जास्त. त्याच्या बोटांमधून जे येत होते ते वाहत नव्हते, उडत होते. ऑगस्ट त्याच्यापाशी गेला. वाकला. त्याच्या पंजांवर आपला हात दाबला आणि तो हात लगेच ओला, ऊन झाला.

‘‘बघ ना रे हे जरा,’’ मॅक म्हणाला. ‘‘थांबतच नाहीये.’’

आणि पंचाने बॉल ऑगस्टकडे टाकला. आपल्या माणसाने रेषेवर जायचे म्हटले की कोल्डब्रूकचा हॉल गप्प होई. ही त्यांची रीत होती, तिचा त्यांना अभिमान होता. तशी शांतता पडली. ऑगस्ट मॅकला म्हणाला, ‘‘आलोच. एवढं टाकून.’’ हे शब्द त्याने उच्चारले याविषयी त्याला कधी शंका आली नाही. शंका आली असती तर बरे झाले असते. गुडघे वाकले. बॉल गुडघ्यांमध्ये खाली गेला, वर आला, सुटला. आणि बोटांना जी गोष्ट डोळ्यांच्या आधी कळते ती कळली. तो वळला तेव्हा सगळा हॉल उभा होता, टोप्या हवेत होत्या, आणि दारापलीकडे स्लोकम ओणवा होऊन जाकिटाचे खिसे चाचपत होता. एक खिसा, दुसरा, पुन्हा पहिला. किल्ली सापडत नाही, ऑगस्टच्या मनात आले. आणि जे मनात आले ते त्याने नंतर सगळे आयुष्य तिथेच ठेवून दिले. पंचाने मधल्या उडीसाठी बॉल वर टाकला. मॅकच्या जागी दुसरेच कोणी उडाले. एका गुणाने पुढे असलेल्या संघाने जे करायचे तेच चौघांनी केले, बॉल जाळीवर मारत राहिले, शेवटच्या शिट्टीपर्यंत. मग दार उघडले. किल्ली सापडली असणार.

मॅकला उचलून तळघरात नेणाऱ्यांत ऑगस्ट होता. डॉक्टर आला. स्लोकमने ऑगस्टला जिन्यात गाठले. ‘‘वर जा. हात पूस. नाच.’’

‘‘मिस्टर स्लोकम, त्याला—’’

‘‘डॉक्टर आहे ना? तू काय डॉक्टर आहेस? वर आठशे माणसं आहेत. तू दिसला नाहीस तर म्हणतील काहीतरी झालंय. मग जिन्यावर चेंगराचेंगरी झाली, तर तुझ्या माथी. जा, नाच.’’ जिन्यावर दिवा नव्हता, हाताशी फडके नव्हते. वर जमीन पुसून पीठ पसरलेले होते, एका कोपऱ्यात ते जरा जास्त जाड. डिलिया गॅलरीतून खाली आली; दार गॅलरीच्या बरोबर खाली येई, तिथून ते दिसत नसे. ‘‘मॅक कुठाय?’’ ‘‘गुडघा दुखावलाय. बांधतायत.’’ ‘‘मेला धसमुसळाच आहे,’’ ती म्हणाली, आणि तिने हात पुढे केला. त्याने तिला धरले. फिरले ते दोघे, लोक बाजूला होऊन बघत होते, ज्याने बॉल टाकला तो हा, आणि तिच्या मानेला लव्हेंडरचा वास येत होता, आणि तो सुखात होता. हे कोणत्याही पुस्तिकेत येणार नव्हते : की खाली मॅक मरत असताना त्याचा मित्र वर थोडा वेळ सुखात होता. घरी गेल्यावर डिलियाच्या झग्यावर पाठीमागे पंजाचा तांबूस डाग निघाला. आईने विचारले तर ती म्हणाली, रंगाऱ्याच्या मुलाबरोबर नाचलं की रंग लागायचाच. त्यावर मायलेकी हसल्या. मग दारावर थाप पडली.

दुसऱ्या दिवशी स्लोकम काळी टोपी घालून ड्वायरांच्या घरी गेला आणि म्हाताऱ्या आईचे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाला, ‘‘दार ताबडतोब उघडलं, आई. एक क्षण वाया गेला नाही.’’ हा शब्द तिथून आला. म्हातारी त्यावर पुढे सात वर्षे जगली. जपमाळेसारखा तो तिच्या ओठांवर असे. मरताना तिने तो डिलियाला दिला, आणि डिलियाने तो बटाटे सोलताना, मुलांना नाहू घालताना, मॅकच्या थडग्यावरची पाने झाडताना जपून वापरला. ऑगस्टने तिच्याशी लग्न केले होते. तिच्यावर प्रेम होते म्हणून केले, आणि त्या प्रेमाची सुरुवात कोणत्या संध्याकाळी झाली हे त्याने कोणाला विचारू दिले नाही. पुन्हा तो लीगमध्ये खेळला, सात-आठ वर्षे, आणखी तीन नावांनी. उडीवरून मागे येणाऱ्या बॉलची वाट बघण्याची खोड मात्र गेली नाही. रिकाम्या जागी जाऊन उभा राही. नवे लोक म्हणत, रेहाक म्हातारा झाला, कुठेही उभा राहतो. किल्लीचे त्याने डिलियाला कधी सांगितले नाही. किल्ली ही त्याची खासगी मालमत्ता होती. किल्ली सापडत नव्हती, म्हणजे दार उघडणार नव्हतेच. दार उघडणारच नव्हते, म्हणजे त्याने बॉल टाकला काय आणि न टाकला काय. न सापडलेल्या त्या किल्लीने त्याने रोज रात्री झोपेचे दार उघडले होते.

रविवारी दुपारी डिलियाने तो कागद वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला, आणि कोबीच्या भांड्यावर झाकण ठेवले.

‘‘चांगलं लिहिलंय,’’ ती म्हणाली. ‘‘सही का नाही केलीस?’’

‘‘ताबडतोब नाही उघडलं, डिलिया.’’

‘‘मग?’’

‘‘थोडा वेळ गेला.’’

‘‘थोडा म्हणजे?’’ ती झाकणावर हात ठेवून तशीच उभी राहिली. वाफेने चटका बसत असणार, पण तिने हात काढला नाही. ‘‘पंचवीस वर्षं माझ्या शेजारी झोपतोस, ऑगी. पंचवीस वर्षांत तुला थोडा वेळ मिळाला नाही?’’

‘‘सही केली की झालं. हवी असेल तर करतो.’’

‘‘मी म्हटलं का कर म्हणून? आता काय करायचंय सही करून? मला घेऊन चल त्या समितीकडे. माझ्यासमोर सांग काय ते.’’

त्याला ते पटले, म्हणजे त्याने पटवून घेतले. लिफ्टमधल्या त्या हिसक्यापासून त्याला काहीतरी सांगून टाकायचेच होते. आणि जे सांगायचे ते त्याने मनात नीट बेतून ठेवले होते. किल्ली सापडली नाही, हे खरे होते, सोसण्याजोगे होते, त्यात कोणी खुनी नव्हता. सत्याचा एवढाच कपडा त्याच्या अंगाला बरोबर बसत होता. पुस्तिकेतून एक शब्द जाईल, डिलिया एक दिवस रडेल, आणि मग ते दोघे एकाच गोष्टीपाशी म्हातारे होतील. माणसे सत्यासाठी लढतात म्हणतात. बहुतेक वेळा ती त्यातल्या आपल्या मापाच्या तुकड्यासाठी लढत असतात.

समितीची खोली कोल्डब्रूकच्या जुन्या हॉलच्या वरच्या मजल्यावर होती. खाली आता चाकांच्या बुटांवर घसरत फिरण्याचा खेळ चालत असे. त्याची घरघर जमिनीतून वर येत होती. चिटणीस प्रेंटिस, तरुण, स्वच्छ, रबरी शिक्क्यासारखा चेहरा. लघुलेखन करणारी एक मुलगी. आणि खिडकीशी, पायांवर शाल घेऊन, हायरम स्लोकम. ऐंशी उलटलेला, गुलाबी, गोड.

‘‘अरे ऑगस्ट! पोट सुटलं की रे! लिफ्ट चालवतोस म्हणे? बरं आहे बाबा, तू वर जातोस, खाली येतोस. मी आता एकदाच जाणार.’’

‘‘वर की खाली, ते अजून ठरायचंय, मिस्टर स्लोकम,’’ डिलिया म्हणाली.

स्लोकम खूप हसला. त्याला ती आवडली. प्रेंटिसने खुर्च्या दिल्या, मजकूर वाचून दाखवला आणि पेन पुढे केले. ऑगस्टने ते घेतले नाही.

‘‘ताबडतोब हा शब्द काढा,’’ तो म्हणाला. ‘‘किल्ली सापडत नव्हती. तसं लिहा. मी स्वतः बघितलंय, मिस्टर स्लोकम खिसे चाचपत होते. त्यांचा दोष नव्हता. कुणाचाच नव्हता. किल्ली सापडेना, एवढंच.’’

‘‘हे बघा मिस्टर रेहाक,’’ प्रेंटिस म्हणाला, ‘‘महोत्सव आहे. किल्ली वगैरे... लोकांना त्यात काय रस?’’

‘‘मला आहे,’’ डिलिया म्हणाली. ती ऑगस्टकडे बघत नव्हती. ‘‘कुठली किल्ली? मिस्टर स्लोकम, तुम्ही माझ्या आईचे हात धरून सांगितलंत. मी शेजारी उभी होते. आता मला सांगा. किल्ली हरवली होती का?’’

खालून चाकांची घरघर येत राहिली. स्लोकमने शाल सारखी केली. त्याच्या तोंडावर ओशाळलेपण नव्हते, भीतीही नव्हती. इतकी वर्षे कोणी नेमके हेच विचारले नाही याचा किंचित अचंबा होता. त्याने ऑगस्टकडे पाहिले, थोड्या मायेने, कलाकाराकडे पाहावे तसे. ऑगस्टला उठून उभे राहायचे होते, थांबा म्हणायचे होते. त्याच्या लक्षात आले की त्याचे दोन्ही हात गुडघ्यांच्या मध्ये खाली लोंबत आहेत आणि बोटे पसरलेली आहेत. ‘‘हे उतरवू नका,’’ प्रेंटिस मुलीला म्हणाला. पण तिला बोललेले उतरवून घ्यायची सवय होती आणि पेन्सिल आधीच सुरू झाली होती. तिने उतरवलेले शब्द असे आहेत :

‘‘नाही, हरवली नव्हती. खिसे चाचपले ते नंतर, लोकांना दिसावं म्हणून. आधी किल्ली कुलपात होती, अर्धी फिरवलेली. मॅक दाराशीच बसला होता, हातभर अंतरावर, माझ्याकडे मान वळवून. म्हणाला, मिस्टर स्लोकम, उघडा. तेवढ्यात ऑगस्ट रेषेवर जाऊन उभा राहिला. तो रेषेवर असताना दाराला हात लावायचा नाही, हा त्याचा नियम, पाटी मीच रंगवलेली. कुलूप फार वाजायचं ते. मी मॅकला बोटानं गप्प केलं आणि किल्ली हळूच काढून घेतली, आवाज न करता. तोही गप्प बसला. त्यालाही नियम ठाऊक होता. बॉल आत गेला तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. किल्ली मुठीत होती म्हणून एकाच हातानं, मांडीवर. मग उघडावं म्हटलं, तर आपण एकानं पुढे होतो. एकानं पुढे असताना दार कोण उघडतो?’’